खडकीतल्या एका फुटबॉल क्लबची वही

तुमचा प्रश्न असा आहे, की 2019 मध्ये एफसी पुणे सिटी हा व्यावसायिक फुटबॉल क्लब बंद झाल्यावर पुण्यात फुटबॉल उरलाय का? आणि जुने स्थानिक क्लब असतील, तर त्यांचा इतिहास कुठे सापडेल?

उरलाय, चांगलाच उरलाय. मी खडकीतल्या एका क्लबात लहानपणी गोलामागे बसून बॉल आणून द्यायचो. मग गोलकीपर झालो, आणि आता बरीच वर्षं सेक्रेटरीचं काम बघतोय. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण पुढे लोकांच्या घरातल्या गोष्टी येणार आहेत.

खडकीत हा खेळ आला छावणीमुळे. बॉम्बे सॅपर्स ही लष्कराची इंजिनिअर पलटण इथलीच, दारूगोळा कारखानाही इथलाच. गोऱ्या पलटणी संध्याकाळी खेळायच्या आणि बाजारातली पोरं कडेला उभी राहून बघायची. तिकडे मुंबईत 1891 मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला. पहिला कप वुस्टरशायर रेजिमेंटनं नेला, आणि बंगलोर मुस्लिम्स हा पहिला भारतीय संघ तो जिंकायला 1937 साल उजाडलं. बघणारी पोरं खेळणारी व्हायला इतका काळ लागला. आमच्या क्लबातले पहिले खेळाडू त्याच बघ्यांची मुलं, बहुतेक कारखान्यात कामाला. भोंगा झाला की डबा सायकलच्या हँडलला अडकवून थेट मैदानावर. मराठी, तमिळ, तेलुगू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळ्या घरांतली माणसं होती. राइट आउट मराठीत ओरडायचा, सेंटर फॉरवर्ड तमिळमध्ये उत्तर द्यायचा, आणि पास बरोबर पोचायचा.

क्लबाची जुनी हिशेबाची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाळवीनं एक कोपरा खाल्लेली. त्यात सामन्यांचे निकाल फार कमी आहेत, खर्च मात्र पैशापैशाचा लिहिलाय. ‘ब्लॅडर पंक्चर, 25 न.पै.’ ‘फक्की, अर्धं पोतं.’ ‘लिंबं, मध्यंतरासाठी.’ 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्यानंतरच्या पानावर एकच नोंद आहे: ‘पूरग्रस्तांस 11 रु. नवा बॉल पुढील महिन्यात.’ पुढच्या महिन्यातही बॉलची खरेदी दिसत नाही. त्यापुढच्या महिन्यात आहे. म्हणजे निदान महिनाभर तरी ही माणसं जुन्याच बॉलवर खेळली. ते पान मी कितीदा तरी उघडून बघितलंय.

तो जुना बॉल कसला असायचा हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. चामड्याच्या तुकड्यांची शिवण, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाशी बुटासारखी फीत. पावसात भिजला की दगडासारखा जड. फितीच्या बाजूनं हेड मारला तर कपाळावर वळ उठायचा. आमच्याकडचे एक काका, त्या काळचे सेंटर हाफ, बोट लावून ती जागा दाखवायचे. बूट सगळ्यांकडे नव्हतेच. घोट्याला पट्टी गुंडाळून अनवाणी खेळायचे. त्यात कमीपणा कुणालाच वाटत नव्हता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले होते आणि फ्रान्सशी 2-1 असे अटीतटीनं हरले होते. ज्यांच्याकडे बूट होते ते मोच्याकडून चामड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकून घ्यायचे. सामन्याआधी रेफ्री तळव्यावरून हात फिरवून खिळा वर आलाय का बघायचा.

जर्सीचा संच एकच. दर आठवड्याला पाळीपाळीनं एकेका घरी धुवायला जायचा. माझ्या आजीची पाळी असली की अकरा जर्सी गॅलरीच्या दोरीवर नंबराप्रमाणे वाळत घातलेल्या असायच्या. आजीनं सामना कधी पाहिला नाही, पण कोण घसरून पडला आणि कोण नुसता उभा राहिला, हे ती मातीवरून सांगायची.

मोठे क्लब आले तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. 2007 मध्ये पुणे एफसी निघाला. 2009-10 ला आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत आपल्या पहिल्याच मोसमात तिसरा आला, 2012-13 ला दुसरा. बालेवाडीला सामना असला की आम्ही पोरांना टेम्पोत घालून न्यायचो. त्या वर्षांत आमच्या सरावाला इतकी गर्दी व्हायची, की लहान गटाच्या दोन तुकड्या कराव्या लागल्या. शिवाजियन्स हा तर मूळचा पुण्यातलाच क्लब, 1987 चा. नावापुढे डीएसके या बांधकाम उद्योगाचं नाव लागलं आणि तो आय-लीगपर्यंत पोचला. भारत एफसी एकच मोसम खेळला. 2019 पर्यंत हे तीन आणि एफसी पुणे सिटी असे चारही क्लब आय-लीग आणि आयएसएल या देशातल्या दोन मोठ्या लीगमधून गेले. असे संघ चालवायला कोटींनी पैसा लागतो, आणि तो देणाऱ्यानं हात काढला की संघ उभा राहत नाही. आमचा खर्च वर्गणीतून भागतो. अडलं तर गणपती मंडळाकडून उसने घेतो, कारण दोन्हीकडची पोरं तीच.

आम्हाला खरा फटका बसला तो मैदानाचा. ज्यांच्या ताब्यात ते होतं त्यांनी एके दिवशी तारेचं कुंपण घातलं. चाळीस मुलं फाटकाबाहेर उभी होती, हातात बॉल. त्या वर्षी आम्ही एका शाळेच्या आवारात सराव केला, तोही सकाळी सहाला. सात वाजता मुलं प्रार्थनेला यायची. बारा-तेरा मुलं कायमची सुटली. त्यातली दोन फार गुणी होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता इतिहास कुठे सापडेल ते सांगतो. छापील फारसं हाती लागणार नाही. खडकी, घोरपडी, कॅम्प या भागांतल्या जुन्या खेळाडूंच्या घरी जा. ढालींपेक्षा ट्रंकेतले संघाचे फोटो मागा, आणि फोटो हातात देऊन प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारा. नावाबरोबर गोष्ट येते. नावं फोटोच्या मागे पेन्सिलीनं लगेच लिहा, शाईनं नको, ती पुढच्या बाजूला फुटते. शिवाजीनगरला एसएसपीएमएस या शाळेच्या मैदानावर लीगचे सामने असतील त्या दिवशी कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसा. बोलायला ते उत्सुकच असतात.

आमच्या वहीचे मी मोबाईलवर फोटो काढतोय, निम्मी झाली. मधली काही पानं फाटलेली आहेत. ती ज्यांच्या काळातली, ते काका आता शहाऐंशीचे आहेत. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर खाली लिहा.