बाळंतपणानंतर रडू थांबत नाही आणि प्रार्थनाही होत नाही. कॅथलिक आईने काय करावं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की बाळ सात आठवड्यांचं झालं, तरी मन थाऱ्यावर नाही. घरचे म्हणतात, रोझरी म्हण, बरं वाटेल. पण माळ हातात घ्यावीशीच वाटत नाही. "माझी श्रद्धा कमी पडतेय का?"

ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर देते, कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त छळत असणार. नाही. श्रद्धा कमी पडलेली नाही. सात आठवडे हे असं चाललंय म्हणजे हा बहुतेक आजार आहे, बाळंतपणानंतरचं नैराश्य, आणि त्याला औषध आहे.

मी वसईची. माझी थोरली २०१६ साली झाली, सिझेरियनने. तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं. नर्स म्हणाली, होतं असं. खरंच होतं. बाळ झालं की शरीरातलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, त्यात झोप नाही, टाके दुखतायत, दूध उतरतंय. निम्म्याहून जास्त बायकांना हे रडू येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. याला बेबी ब्लूज म्हणतात. त्याला बाळंतिणीला जेवू घालणं, झोपू देणं आणि जवळ बसणं पुरतं.

माझं रडू ओसरलं, पण त्याच्या जागी काहीच आलं नाही. माहेरी शेक, मालिश, डिंकाचे लाडू, सगळं साग्रसंगीत चालू होतं. आई ताट आणून ठेवायची, तासाभराने तसंच उचलून न्यायची. बाळ झोपलं तरी मी जागी. सहाव्या आठवड्यात बाप्तिस्मा झाला. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून नवऱ्याने आमची छोटी मेणबत्ती पेटवली, मेण ओघळून त्याच्या अंगठ्यावर आलं, आणि मी त्या मेणाकडे बघत राहिले. पांढऱ्या झबल्यातली मुलगी माझी आहे असं आत कुठेच वाटत नव्हतं. लोक पेढे घेत होते, "देवाचा आशीर्वाद" म्हणत होते, आणि मला वाटत होतं की हा आशीर्वाद चुकीच्या घरी आलाय.

मग एक विचार यायला लागला. आमच्या वाडीत बावखल, म्हणजे छोटं तळं आहे. त्याच्या कडेने जाताना दर वेळी डोळ्यांसमोर यायचं की बाळ हातातून सुटलं आणि पाण्यात गेलं. मी लांबच्या वाटेने जायला लागले. कुणालाच सांगितलं नाही. आता माहीत आहे की असे नकोसे विचार पुष्कळ नव्या आयांना येतात, आणि विचाराने घाबरून बाळाला जपणारी आई म्हणजे वाईट आई नव्हे. तेव्हा मात्र मी तो पापांच्या यादीत घातला.

आणि कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला गेले. म्हटलं, "फादर, मला माझं बाळ आवडत नाही." जाळीपलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "रात्री झोप लागते का? जेवण जातं का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "हे पाप नाही. हा आजार आहे, आणि त्यासाठी डॉक्टर आहेत. मला जे सांगितलंस ते आज घरी जाऊन नवऱ्याला सांग. हेच तुझं प्रायश्चित्त." त्या फादरांचे उपकार मी विसरणार नाही. सगळ्यांनाच असे फादर भेटत नाहीत हेही मला माहीत आहे. "जास्त प्रार्थना कर" एवढंच कुणी सांगितलं, तर प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरची वेळही घ्या.

डॉक्टरांनी एक दहा प्रश्नांचा कागद दिला. एडिंबरो स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, असे साधे प्रश्न. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे मी पेन थांबवलं. डॉक्टर म्हणाल्या, खरं तेच लिहा. मी लिहिलं. त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण दोन्ही बिघडले तरी असंच दिसू शकतं. मग समुपदेशन, आणि सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. अंगावर पाजणाऱ्या आईला हे औषध बरेचदा देतात, दुधातून बाळाकडे फार कमी जातं. सासूबाईंना "डोक्याच्या गोळ्या" पटत नव्हत्या. त्यांना मी पुढच्या वेळी सोबत नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेहाची गोळी घेता तशीच ही. त्या दिवसापासून गोळीची आठवण त्याच करून द्यायला लागल्या.

गुण यायला तीनेक आठवडे लागले. आधी झोप आली, मग भूक. माया सगळ्यात शेवटी आली. एका दुपारी नखं कापताना मुलीने माझं बोट धरलं आणि मला ते सोडवावंसं वाटलं नाही.

आता प्रार्थनेचं. मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) चुकते म्हणून जीव खाऊ नका. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातच (परिच्छेद २१८१) रविवारच्या मिस्सेतून सूट देणारी कारणं सांगताना दोन उदाहरणं दिलीत, आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल. तुमच्याकडे तर दोन्ही आहेत. शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र ८८ उघडा. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी चर्च ते दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतं. म्हणजे असं बोलायलाही देवासमोर जागा आहे. आणि बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. झुडपाखाली पडून तो म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देव बोलतो ते पुढे, चाळीस दिवसांनी.

माझ्या खोलीत संत जियाना मोल्लाचा फोटो होता. ती १९६२ साली बाळंतपणानंतर आठवड्याभरात वारली. बाळासाठी जीव देणारी आई. त्या फोटोकडे बघून मला रोज हरल्यासारखं व्हायचं. मला वाटतं, आजारी बाईसमोर अशी तुलना ठेवू नये. मला आधार दिला झेली मार्टिनने, फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाच्या आईने. १८७३ साली तेरेझा झाली तेव्हा झेलीच्या अंगावर दूध पुरेना, म्हणून बाळाला वर्षभर खेड्यातल्या दूध पाजणाऱ्या दाईकडे ठेवावं लागलं. चार मुलं तिने आधीच गमावली होती. आपला थकवा आणि चिंता ती पत्रांत उघड लिहायची. चर्चने २०१५ साली तिला संत म्हणून घोषित केलं. वरचं दूध पाजताना मी तिची आठवण काढायचे.

तर ताई, उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन करा. लाज वाटली तर एवढंच म्हणा, "बाळंतपणाला सात आठवडे झालेत, मन ठीक नाही, मला तपासा." भारतातल्या ३८ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत २२ टक्के आयांना हे नैराश्य आढळलं होतं, म्हणजे डॉक्टरांनी तुमच्यासारख्या कितीतरी जणी पाहिल्या असणार. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात. पण मरणाचे विचार येत असतील, न दिसणारं दिसत-ऐकू येत असेल, बाळात काही वाईट शिरलंय असं वाटत असेल किंवा दिवसेंदिवस झोपेची गरजच वाटत नसेल, तर फोनवर थांबू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तोवर तुम्ही आणि बाळ एकटे राहू नका. भरती व्हावं लागलं म्हणून बाळ तुटेल ही भीती मला होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून वेगळं करू नये असं लिहिलंय.

नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. रात्री दोनचं दूध त्यांनी पाजलं की तुम्हाला सलग चार-पाच तास झोप मिळेल. अंगावर पाजत असाल तर काढून ठेवा.

आणि माळ उशाशी राहू द्या, म्हटली नाही तरी चालेल. माझ्या वाटची रोझरी तेव्हा आई म्हणायची, पलंगाच्या कडेला बसून, माझा पाय चेपत. आमच्या घरी आठला रोझरी असते. तुमचं नाव मला माहीत नाही. आज रोझरीतलं एक रहस्य (दहा मण्यांचा एक भाग) "सात आठवड्यांच्या बाळाच्या आईसाठी" म्हणून म्हणू.