जुन्या छोट्या गाडीचा भरवसा तिच्या तपासणीच्या नोंदींवरून कसा ठरवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाच मॉडेलच्या, नऊ-नऊ वर्षांच्या दोन छोट्या पेट्रोल गाड्या तुमच्या समोर आहेत. दोघींच्या आजवरच्या सगळ्या सक्तीच्या तपासण्यांचे कागद मिळालेत. एक दर वेळी पहिल्याच फेरीत पास झाली आहे, दुसरी दोनदा नापास झाली आहे. पहिली डोळे झाकून घ्यावी का?

नको. निदान त्या एका कारणासाठी तरी नको. मी स्वतः अशीच एक ‘कायम पास’ गाडी घेऊन पस्तावलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पास म्हणजे त्या दिवशी, त्या तासाला, गाडी किमान मर्यादेच्या वर होती, एवढंच. टायरच्या नक्षीची खोली घ्या. बहुतेक देशांत किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. १.७ वाली गाडी पास होते, १.५ वाली नापास. दोघींमध्ये फरक जेमतेम केसाइतका असतो, पण कागदावर एकीचा निकाल हिरवा आणि दुसरीचा लाल दिसतो. म्हणून निकालाचा रकाना आधी हाताने झाका. सगळे कागद जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने मांडा आणि फक्त शेरे वाचा. पास करतानाही तपासनीस ‘याकडे लक्ष ठेवा’ म्हणून जे लिहितो, ते सर्वात कामाचं असतं.

शेरे वाचताना मी मनात दोन ढीग करतो. विझलेला दिवा, फाटलेला वायपर, झिजलेले टायर, संपत आलेले ब्रेक पॅड हा मालकाचा ढीग. गाडी कितीही चांगली असली तरी या गोष्टी संपतातच. गंज, सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड), बॉल जॉइंट (चाकाचे फिरते सांधे), तुटलेली स्प्रिंग, ऑइल गळती, ब्रेक पाइप हा गाडीचा ढीग. पण पहिला ढीग फेकून देऊ नका. जो माणूस गुळगुळीत टायर आणि बंद ब्रेक लाइट घेऊन तपासणीला जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसाच जातो, तो इंजिन ऑइल वेळेवर बदलत असेल असं मला वाटत नाही. हा माझा अंदाज आहे, पण बऱ्याच गाड्या पाहून झालेला.

आता माझ्या गाडीची गोष्ट. पाचव्या वर्षीचा शेरा होता, ‘मागच्या ब्रेक पाइपवर हलका गंज’. सहाव्या वर्षी तोच. सातव्या वर्षी, ‘पाइपवर गंज, ग्रीसचा थर’. आठव्या वर्षी काहीच नाही, स्वच्छ कागद. मला वाटलं, पाइप बदलला असेल. विकणाऱ्याला विचारलं तर तोही ‘हो, केलं असेल’ म्हणाला. बिल मागायचं मला सुचलं नाही. गाडी घरी आणल्यावर एका रविवारी स्टँडवर चढवून टॉर्च घेऊन खाली शिरलो. तळाला सगळीकडे काळाकुळीत नवा कोटिंगचा थर होता. पाइपवर नखाने खरवडलं तेव्हा थराबरोबर तपकिरी खपल्या निघून हातावर आल्या. पाइप जुनाच होता, फक्त झाकला गेला होता. तपासनिसाची चूक म्हणता येणार नाही. त्याला भाग उघडायची किंवा वरचा संरक्षक थर काढायची मुभा सहसा नसते, जे दिसतं तेवढंच तो लिहितो.

तेव्हापासून नियम केला आहे: एखादा शेरा दोन-तीन वर्षं सलग येऊन अचानक नाहीसा झाला, तर त्या वर्षीचं बिल मागायचं. बिल असेल तर तो शेरा गाडीच्या बाजूने पुरावा ठरतो, कारण मालकाने काम करून घेतलं. बिल नसेल तर गाडी लिफ्टवर चढवून तीच जागा बघायची. शेरा कधीच आला नाही आणि शेरा येऊन गेला, यात दुसरी गोष्ट जास्त बोलकी असते.

याउलट नापास झालेल्या गाडीत काय बघायचं? नापास कशावर झाली आणि पुन्हा पास किती दिवसांनी झाली, या दोन गोष्टी. माझ्या एका मित्राने घेतलेली गाडी सहाव्या वर्षी पुढची डावी कॉइल स्प्रिंग तुटल्यामुळे नापास झाली होती. दुसऱ्याच दिवशी पास, मीटरमध्ये फक्त चार किलोमीटरची भर. बिलावर दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा आणि अलाइनमेंट. आधीच्या दोन वर्षांत त्याच चाकाच्या टायरबद्दल ‘आतली कड जास्त झिजलेली’ असा शेरा होता, तो त्यानंतर पुन्हा आला नाही. हा नापास निकाल त्या गाडीची सर्वात चांगली नोंद आहे. पण नापास झाल्यावर तीन आठवड्यांनी पास आणि मधल्या काळात मीटर नऊशे किलोमीटर पुढे सरकलेलं दिसलं, तर मालक नापास गाडीच चालवत होता असा अर्थ होतो. मग बाकी देखभालीबद्दलही शंका घ्या.

मीटरचे आकडे कागदाच्या कडेला वेगळे लिहून काढा आणि दोन तपासण्यांमधली वजाबाकी करा. आकडा घटला म्हणजे लगेच कुणी मीटर मागे फिरवलं असं नाही. एकाच वर्षाचा आकडा वेडावाकडा आणि पुढचा पुन्हा रांगेत असेल, तर टाइप करताना चूक झाली असावी. आकडा साधारण १.६ पटीने उडाला असेल तर मैल आणि किलोमीटरचा घोळ असू शकतो. आकडा खाली आला आणि तिथून पुढे चालू राहिला, तर मात्र मीटर बदललं किंवा फिरवलं आहे. बदलल्याचा कागद नसेल तर ती गाडी सोडून द्या.

छोट्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट लोक उलटी समजतात: कमी चाललेली म्हणजे चांगली. वर्षाला बारा हजार चालणारी गाडी अचानक दीड हजारावर आली असेल, तर ती बहुधा जवळच्या जवळ, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होणाऱ्या फेऱ्या मारत होती. अशा वापरात सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी उडून जात नाही आणि तो आतून सडतो. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ब्रेकच्या डिस्कवर गंजाचे खड्डे पडतात. नोंदींमध्ये त्याच वर्षांत ‘सायलेन्सर गंजलेला’, ‘मागच्या डिस्कवर खड्डे’, ‘हँडब्रेकची पकड कमी’ असे शेरे एकत्र येऊ लागले, तर चित्र पूर्ण झालं. कमी किलोमीटर पाहून मी खूश होत नाही, ते कसे झाले ते विचारतो.

धुराच्या चाचणीची पट्टी मिळाली तर ती जरूर मागा. तिथे नुसतं पास नाही, आकडे असतात. युरोपात बऱ्याच पेट्रोल गाड्यांना वाढवलेल्या आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ टक्के आहे, आणि लॅम्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण सांगणारा आकडा, ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान लागतो. समजा तीन तपासण्यांत ०.०२, मग ०.०८, मग ०.१६ असं आलं. तिन्ही वेळा गाडी पास. पण ती कुठे चालली आहे ते दिसतंय ना? धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकत असेल, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मंद झाला असेल. उलट नुसता लॅम्डा वर गेला आणि बाकी आकडे ठीक असतील, तर कधी सायलेन्सरच्या जोडातल्या बारीक फटीतून हवा आत ओढली जात असते. जोड नीट बसवला की काम झालं.

आता सर्वात महत्त्वाचं. या नोंदी ज्याबद्दल गप्प असतात, तिथेच मोठा खर्च दडलेला असतो. ब्रिटनच्या एमओटी या सक्तीच्या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती मोडतच नाही. बहुतेक सक्तीच्या तपासण्या रस्त्यावरची सुरक्षा आणि प्रदूषण यांच्यासाठीच असतात, भरवशासाठी नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, कधी बदलला हे तिथे नसणार. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन जागीच जातं. काही तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनांत तो बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. ऑइल वेळेवर आणि योग्य प्रतीचं नसेल तर बेल्टचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिनला ऑइल पोचत नाही. अशी गाडी तपासणीत सकाळी पास होऊन संध्याकाळी बंद पडू शकते. म्हणून सर्व्हिसची बिलं हा दुसरा गठ्ठा हवाच, आणि तारखा लावून दोन्ही शेजारी ठेवा.

मॉडेलनिहाय आकडेवारी बघावी का, असंही तुम्ही विचारलंय. जर्मनीत गाड्यांची तपासणी करणाऱ्या ट्यूफ या संस्थांचा अहवाल दरवर्षी निघतो. कोणत्या मॉडेलच्या किती टक्के गाड्यांत तपासणीत मोठे दोष निघाले ते तो वयोगटानुसार सांगतो. शेजारी सरासरी किलोमीटरही दिलेले असतात, आणि ते वाचल्याशिवाय टक्केवारी वाचू नका. छोट्या गाड्या बऱ्याचदा कमी चाललेल्या असतात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांपेक्षा त्यांचं चित्र आपोआप बरं दिसतं. मी त्यातून फक्त एवढंच घेतो की या मॉडेलचं दुखणं कुठे आहे: ॲक्सलच्या बुशमध्ये, हेडलाइटमध्ये की ऑइल गळतीत. मग समोरच्या गाडीत तीच जागा आधी बघतो.

तुमच्या दोन गाड्यांपुरतं सांगायचं तर पहिलीच्या कागदांत कुठला शेरा मध्येच गायब झालाय का ते शोधा, आणि दुसरीच्या दोन्ही नापास निकालांनंतरची बिलं मागा. दोन्ही गाड्या रात्रभर बंद ठेवायला सांगून सकाळी इंजिन थंड असताना स्वतः चालू करा. पहिल्या काही सेकंदांतला इंजिनच्या टायमिंग चेनचा किंवा टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) खडखडाट आणि निळसर धूर कुठल्याच कागदावर सापडणार नाही. दुसरी गाडी नेमकी कशावर नापास झाली होती आणि तेव्हा मीटर किती होतं, ते प्रतिसादात लिहा, म्हणजे तिच्याबद्दल नेमकं सांगता येईल.