56 सांगतात म्हणून 54 ला धावू नका, ताई

नमस्कार ताई. बाकीच्यांना पण कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो. तुम्ही खाजगी शाळेत शिकवता, मिस्टर बेळगावात उद्यमबागला कंपनीत आहेत, दोघांचे मिळून हातात महिन्याला 70 हजार येतात. एफडी आणि सोसायटीतले धरून 29 लाख साठलेत, भाडं 11 हजार. वडगावात दीड गुंठ्यातलं जुनं कौलारू घर आवडलंय, मालक 56 लाख सांगतो, एजंट म्हणतो दुसरी पार्टी 54 ला तयार आहे, या रविवारपर्यंत सांगा. तर 54 द्यावेत की सरळ 55 देऊन विषय संपवावा, असं विचारलंय.

मी म्हणतो दोन्ही नको. 56 हा मालकाचा आकडा आहे, त्यातून एक-दोन वजा करून तुमचा आकडा निघत नाही. आधी घराची किंमत काढा, मग तुमची ऐपत काढा, आणि दोन्ही कागदावर लिहून झाल्यावरच मालकासमोर बसा.

घराचं बघू. तुम्हीच लिहिलंय की शेजारच्या गल्लीत तेवढ्याच जागेचं स्लॅबचं घर गेल्या वर्षी 48 ला गेलं. वर्षाची वाढ दोनेक लाख धरा, 50 झाले. पण या घराची कौलं गळतात, मागच्या भिंतीला ओल आहे, आणि मिस्त्री 4 लाख सांगतो. म्हणजे आजच्या हालतीत घर 46 चं. आणि एक करा, जोराचा पाऊस चालू असेल तेव्हा परत एकदा बघून या, बेळगावच्या पावसात घर स्वतःच सगळं सांगतं, तेव्हा मिस्त्रीला पण सोबत न्या म्हणजे ते 4 चे 6 होतात का ते आत्ताच कळेल.

आता ऐपत. 70 हजारात 28 हजारांच्या वर हप्ता जाऊ नये असं माझं मत, मुलांची फी आहे, सासूबाईंची औषधं आहेत. साडेआठ टक्क्याने 20 वर्षांसाठी लाखाला साधारण 868 रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज 32 लाख. त्यात तुमचे 29 घातले की 61. यातून रिपेरीचे 4 काढा, अडीअडचणीला 3 बाजूला ठेवा (याला हात लावायचा नाही, आणि मिस्टर म्हणतात तसं सोनं गहाण पण ठेवायचं नाही), वकील, बँकेची फी, सामान हलवणं असं अर्धा लाख. उरले साडे 53. पण हे सगळे मालकाला देता येत नाहीत की हो! आपल्याकडे शहरात स्टॅम्प ड्युटी 5 टक्के, सेस-सरचार्ज धरून 5.6, आणि रजिस्ट्रेशन फी ऑगस्ट 2025 च्या शेवटी 1 टक्क्याची 2 केलीय, म्हणजे एकूण 7.6. नणंदेला कोल्हापुरात बाईच्या नावावर 1 टक्का सूट मिळाली म्हणता ती महाराष्ट्राची, कर्नाटकात तसं काही नाही. हे धरलं की घराला जास्तीत जास्त साडे 49 पर्यंतच देता येतात. 54 दिले तर हप्ता तरी वाढणार नाहीतर ते बाजूचे 3 लाख तरी जाणार, आणि कौलं तशीच गळत राहणार.

म्हणून 44 ने सुरुवात करा, 46 पर्यंत आरामात या, आणि शाळा जवळ पडते, माणसं ओळखीची आहेत म्हणून 48 ला थांबा. 48 च्या वर जाऊ नका.

दुसऱ्या पार्टीचं म्हणाल तर असेल पण, नसेल पण. घर हातचं गेलं तर तुमचं नुकसान किती, महिन्याला 11 हजार भाडं. घाबरून 2 लाख जास्त दिलेत तर दीड वर्षाचं भाडं एका रविवारी गेलं, आणि ते 2 लाख कर्जातून आले तर 20 वर्षांत चारच्या वर फेडाल.

मालक म्हणतो कागद 38 चा करू, बाकी रोख द्या. याला सरळ नाही म्हणा. एकतर बँक कागदावरची किंमत बघते, 30 लाखांच्या वरच्या कर्जाला 80 टक्क्यांपर्यंतच देतात, 38 च्या कागदावर तुम्हाला 32 मिळणारच नाहीत. दुसरं, जागेच्या व्यवहारात 20 हजार आणि त्यावर रोख घेणं कायद्याने बंद आहे, दंड तेवढ्याच रकमेचा आणि तो घेणाऱ्याला, हे मालकालाही सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं. उद्या तुम्ही विकायला काढलं की तुमची खरेदी 38 चीच धरणार आणि टॅक्स तुम्ही भरणार. व्यवहार फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा कुठून आणणार?

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मालकाच्या बहिणींच्या सह्यांची. घर त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, मृत्युपत्र नाही, तो धरून तिघे भाऊ विकताहेत आणि एजंट म्हणतो बहिणींची लग्नं होऊन 30 वर्षं झाली, त्यांच्या सह्या कशाला. ताई, लग्नाने हक्क जात नाही, मुलांइतकाच मुलींचा वाटा आहे. दोघी बहिणी सही करणार असतील तरच वर सांगितलेले आकडे खरे, नाहीतर 40 ला पण हे घर घेऊ नका. ऑफर देतानाच सांगा, सगळ्या वारसांच्या सह्या, सिटी सर्व्हेचा उतारा, 30 वर्षांची ईसी (जागेवर कर्ज, व्यवहार काय काय झालेत त्याचा दाखला) आणि ई-खाता (महापालिकेतली मालकीची ऑनलाइन नोंद), हे वकिलाने बघितल्याशिवाय इसार देणार नाही. इसार पण चेकने, लाखाच्या आत, आणि कागद कन्नडमध्ये असणार तेव्हा सही करण्याआधी वकिलाकडून ओळ न ओळ वाचून घ्या, अर्थ विचारा, लाजू नका.

रविवारी एजंटचा फोन आला की एवढंच सांगा, आम्हाला घर घ्यायचंय, पण बहिणींशी बोलणं झाल्यावरच आकडा सांगू.