शुगर मुलाची, जीव टांगणीला पालकांचा

टाइप वन मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन बनणं जवळजवळ थांबतं, म्हणून ते रोज टोचून द्यावं लागतं) असलेल्या लहान मुलांच्या पालकांची चार पत्रं या वेळी निवडली आहेत. डोस प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. इथली गणितं समजून घेण्यासाठी आहेत, डोसमधला बदल मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची, वजन 15 किलो. पाच महिन्यांपूर्वी निदान झालं. खाणं काट्यावर मोजून देते, इन्सुलिन वेळेवर देते, तरी सकाळी शुगर 62 आणि दुपारी 290. आकडा वाढलेला दिसला की पोटात गोळा येतो. परवा वहीत 290 च्या जागी 190 लिहिलं, डॉक्टर काय म्हणतील या भीतीने. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : आधी त्या वहीविषयी. तुम्ही तसं लिहिलंत ते धसक्यापोटी, आणि असा धसका पुष्कळ पालकांनी खाल्लेला असतो. पण डॉक्टर डोस ठरवतात तो वही बघून. 190 वाचून ते म्हणतील, सकाळचा डोस जवळजवळ बरोबर आहे, राहू दे. म्हणून आजच ते पान उघडा, 290 लिहा आणि शेजारी त्या दिवशी काय वेगळं होतं ते दोन शब्दांत टिपा: सर्दी, कमी जेवली, शुगर लो झाल्यावर ग्लुकोज दिलं. डॉक्टरांना आकड्याइतकाच या दोन शब्दांचा उपयोग होतो.

आता चुकतंय कुठे. तुमच्या मुलीला दिवसभरात सगळं मिळून 10 युनिट इन्सुलिन लागतं असं धरू. जलद इन्सुलिनचं (जेवणाच्या वेळी देतात ते, लवकर काम करणारं) एक युनिट शुगर किती खाली आणेल, याचा ढोबळ अंदाज 1800 भागिले दिवसाची एकूण युनिटं असा काढतात. म्हणजे एका युनिटने 180 आणि अर्ध्या युनिटने 90. हाफ युनिट पेनमधून, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या युनिटने डोस लावता येणाऱ्या इन्सुलिनच्या पेनमधून, अर्ध्या युनिटपेक्षा कमी देता येत नाही. तिला एखाद्या वेळी पाव युनिट जास्त हवं असेल, तर ते देण्याची सोयच तुमच्या हातात नाही आणि तेवढ्यानेच 45 चा फरक पडतो. शुगर तपासण्याच्या मीटरलाही 100 च्या वर 15 टक्के इकडेतिकडे चालतात. 200 दाखवलेली शुगर प्रत्यक्षात 170 असेल किंवा 230. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा भलताच वर जातो, म्हणून साध्या पाण्याने हात धुऊन, पुसून पुन्हा तपासावं. त्यातून अर्धं ताट टाकून उठणारं वय. डोळ्यांत तेल घालून सगळं केलंत तरी आकडा हलणारच.

सकाळच्या 62 नंतर दुपारी 290 होण्यामागे बरेचदा आणखी एक कारण असतं, ते म्हणजे घाबरून दिलेलं जास्तीचं गोड. 70 च्या खाली गेल्यावर 15 ग्रॅम साखर द्या, हा सल्ला मोठ्या माणसांसाठी आहे. मुलांना किलोमागे साधारण 0.3 ग्रॅम ग्लुकोज पुरतं, म्हणजे तुमच्या मुलीला 5 ग्रॅमच्या आसपास. ते मोजून छोट्या डब्यांत आधीच भरून ठेवा, कारण ऐन वेळी हातपाय गळालेले असताना चमचा भरभरून जातो. दिल्यावर 15 मिनिटं थांबा, मग तपासा. ही 15 मिनिटं फार जड जातात हे आम्हाला माहीत आहे. घड्याळ लावा, तिला मांडीवर घ्या, पण शुगर अजून 70 च्या खाली आहे असं दिसल्याशिवाय दुसरा डबा उघडू नका. चॉकलेट अशा वेळी नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

एका आकड्यावरून स्वतःला कोसू नका. सलग तीन दिवस त्याच वेळी शुगर जास्त दिसली तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं. घरात ‘चांगली शुगर’, ‘वाईट शुगर’ हे शब्द बंद करा. जास्त, कमी आणि ठीक एवढे पुरतात. चार वर्षांच्या मुलीला ‘वाईट’ म्हणजे आपणच वाईट असं वाटतं, आणि मीटरकडे बघताना तुमचा चेहरा कसा होतो तेही ती टिपत असते.

गोड जास्त दिलंत म्हणून मधुमेह झाला, असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या. त्याचं खापर तुमच्यावर फोडायला कुठेच जागा नाही.

आकड्यांचा वैताग, थकवा, चिडचिड हे या आजारासोबत येतंच आणि डॉक्टरांशी बोलून, काम वाटून ते हलकं होतं. पण दोन आठवडे उलटले तरी रोज रडू कोसळतंय, मुलगी शांत झोपलेली असतानाही तुम्हाला झोप नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत, स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. जगणं नको असं मनात आलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. पेन दिसलं की टेबलाखाली लपतो. मी हातपाय धरतो, बायको टोचते, नंतर तिघंही रडतो. दिवसातून चारदा हे कसं निभवायचं?

उत्तर : तीन वर्षांच्या मुलाला ‘हे तुझ्या भल्यासाठी’ कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की, आईबाबा मला धरून दुखवतात. सुईपेक्षा तिची वाट पाहण्यात आणि जखडलं जाण्यात त्याचा जीव जास्त घाबरा होतो. म्हणून पहिलं काम वेळ कमी करण्याचं. पेनला 4 मिलिमीटरची नवी सुई लावणं, 2 युनिट हवेत सोडून थेंब येतोय का पाहणं, डोस फिरवून लावणं, हे सगळं त्याच्या नजरेआड उरका. इन्सुलिन फ्रिजमधून काढून लगेच देऊ नका, थंड इन्सुलिन झोंबतं. वापरात असलेलं बहुतेक पेन उन्हापासून लांब, खोलीतल्या तापमानाला चार आठवडे चालतं. उकाडा फार असेल तर पेनसोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेली मर्यादा पाहा.

मग त्याला समोरासमोर मांडीवर घ्या. त्याची छाती तुमच्या छातीला, दोन्ही पाय तुमच्या कमरेभोवती. ही मिठी आहे आणि तिच्यात तो हलतही नाही. दुसऱ्याने मांडीवर टोचावं. ‘टोचू का?’ असं विचारू नका, कारण ‘नाही’ म्हणायची सोय खरोखर नसते. ‘उजवी मांडी की डावी?’ हे विचारा, तिथे त्याचं खरंच चालतं. ‘दुखणार नाही’ असं सांगितलंत तर पुढच्या खेपेला तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. ‘चिमटा बसल्यासारखं होईल, दहा मोजले की संपलं’ हे सांगा. सुई तशीही दहा सेकंद आत ठेवावीच लागते, लवकर काढली तर थेंब बाहेर राहतो. तेव्हा दहा आकडे तिघांनी मोठ्याने मोजा.

एक सावधगिरी. रोज टोचून बधिर झालेली एखादी जागा मुलं स्वतःहून पुढे करतात, कारण तिथे दुखत नाही. पण तिथे गाठ होते आणि इन्सुलिन कधी कमी, कधी एकदम शोषलं जातं. आधीच्या जागेपासून बोटभर सरकत राहा.

दिवसात एकदा, इंजेक्शनची वेळ नसताना, सुई नसलेलं रिकामं पेन आणि बाहुली त्याच्या हाती द्या. तो बाहुलीला कसा दरडावतो ते ऐका, तुमच्याविषयी बरंच कळेल. आणि ‘ऐकलं नाहीस तर सुई टोचेन’ ही धमकी घरात कुणीही, चुकूनसुद्धा देऊ नये. महिनाभर हे करूनही रोज तसाच आकांत असेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे पाठवायला डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मुलाच्या अंगाला शुगर सतत मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर लावल्यापासून माझी झोप गेली. रात्री पाच-सहा वेळा फोन बघते. अलार्म वाजतो, धावत जाते, बोटातून तपासलं की शुगर 110. नवरा म्हणतो, अति करतेस. यावरून रोज वाद.

उत्तर : तो सेन्सर अंगाखाली येतो का, हे आधी पाहा. मूल त्या कुशीवर झोपलं की तिथली जागा दबते आणि आकडा खोटाच खाली दिसतो. आलेख एकदम कोसळतो आणि कूस बदलली की तसाच झरकन वर येतो. पुढचा सेन्सर दबणार नाही अशा जागी लावा. एरवीही सेन्सर रक्तातली शुगर थेट मोजत नाही, तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. आकडा आणि मुलाची अवस्था जुळत नसेल तर बोटातून तपासणं योग्यच आहे.

कमी शुगरचा अलार्म 70 वरच असू द्या. जास्त शुगरचा अलार्म रात्रीपुरता किती वर न्यायचा हे डॉक्टरांना विचारा. 185 ला उठून तुम्ही काही करणारच नसाल, तर त्याने उठवायचं कशाला?

वादाचं मूळ बहुधा असं आहे की, काय करायचं ते फक्त तुम्हाला येतं. नवऱ्याला डोस आणि लो शुगरवरचा उपाय स्वतःच्या हाताने, तुम्ही शेजारी बसून, आठवडाभर करू द्या. मग रात्र वाटून घ्या: अडीचपर्यंत एक, पुढे दुसरा. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत फोनशिवाय झोपावं. पाळी बदलताना तीनच गोष्टी सांगायच्या: आत्ताची शुगर, फोनवरचा बाण कुठल्या दिशेला (शुगर चढतेय की उतरतेय), शेवटचं इन्सुलिन कधी आणि किती. मूल दिवसा भरपूर खेळलं, आजारी आहे, डोस बदलला किंवा झोपताना जलद इन्सुलिन दिलं, अशा रात्री जास्त लक्ष हवंच. बाकीच्या रात्री अलार्मवर विसंबा.

राहिली ती मूळ भीती, झोपेत मूल बेशुद्ध पडेल ही. त्यावर करायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावा: तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, शुगर झटकन वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन द्यायचं (25 किलोच्या खाली सहसा 0.5 मिलिग्रॅम), रुग्णवाहिका बोलवायची. मुदत संपलेला ग्लुकागॉनचा संच फेकण्याआधी दोघांनीही तो एकदा उघडून, औषध मिसळून पाहा. हातांना सवय झाली की मनाची धास्ती बरीच उतरते.

प्रश्न : धाकटीला मधुमेह आहे. आठ वर्षांचा थोरला परवा म्हणाला, ‘मलाही डायबेटिस होऊ दे.’

उत्तर : रागावू नका. तो आजार मागत नाहीये, तुम्हाला मागतोय. हे संसर्गाने होत नाही आणि त्याच्या मनात कधी धाकटीविषयी वाईट आलं म्हणूनही झालेलं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. मुलं असं मनातल्या मनात धरून बसतात. रोज वीस मिनिटं त्याच्यासाठी राखा, मीटर आणि फोन दुसऱ्याच्या हाती देऊन. तिच्यावर पहारा ठेवायचं काम त्याला देऊ नका. स्वतःहून मदत मागितली तर ग्लुकोजचा डबा आणून देणं, मोठ्यांना हाक मारणं एवढं पुरे. आणि घरी आल्या आल्या, त्याचा दिवस कसा गेला हे विचारण्याआधी तुम्ही धाकटीची शुगर विचारता का, याकडे आठवडाभर लक्ष ठेवा.