दाता ए, पेशंट ओ: बोन मॅरो ट्रान्सप्लांट चालतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: भावाशी तुमचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा, ज्या जुळवून दाता निवडतात) पूर्ण जुळलंय, पण तुमचा रक्तगट ए आणि त्याचा ओ. मग ट्रान्सप्लांट चालेल का, आणि पुढे त्रास काय होतो?

चालतं. मी ओ पॉझिटिव्ह होतो, ताई ए पॉझिटिव्ह. ॲप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो रक्तपेशी बनवणं जवळपास थांबवतो तो आजार) झाला तेव्हा तिचाच मॅरो घेतला. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, रक्तगटाचं नवव्यावर. त्यामुळे एक जुळलं म्हणून दुसरं जुळेलच असं नाही. शिवाय मूळ पेशींवर (स्टेम सेल) ए-बीचा शिक्का नसतो, म्हणून त्या रुजतात. घोळ होतो तो लाल पेशींपाशी.

ताईचा मॅरो काढल्यावर लॅबने त्यातल्या लाल पेशी आधी वेगळ्या केल्या. तसं केलं नाही तर पेशंटच्या ए-विरोधी अँटीबॉडी त्या तिथल्या तिथे फोडतात: थंडी-ताप, कंबरदुखी, कोकम सरबतासारखी लघवी, किडनीवर ताण.

तो दिवस माझा नीट गेला. खरी परीक्षा नंतर. पांढऱ्या पेशी तिसऱ्या आठवड्यात वर आल्या, मागोमाग प्लेटलेट्स. हिमोग्लोबिन मात्र हलेना. दहा-बारा दिवस झाले की पुन्हा एक पिशवी. रेटिक, म्हणजे नव्या लाल पेशींचं प्रमाण, शून्याला चिकटलेलं. माझ्या जुन्या प्लाझ्मा पेशी केमोतूनही तगल्या होत्या आणि ए-विरोधी अँटीबॉडी बनवत बसल्या होत्या, त्यामुळे ताईच्या लाल पेशी मॅरोतच मारल्या जात होत्या. याला प्युअर रेड सेल ॲप्लेजिया म्हणतात. ए दाता आणि ओ पेशंट या जोडीत तो जास्त दिसतो.

ताई फोनवर विचारायची, "माझंच रक्त खराब आहे का रे?" तुम्हीही दाता आहात म्हणून मुद्दाम सांगतो: दोष तुमच्या पेशींचा नसतो, असलाच तर आम्हा पेशंटांच्या जुन्या अँटीबॉडींचा.

डॉक्टर अँटीबॉडीचं टायटर, म्हणजे रक्तातलं प्रमाण, बघत राहिले. ते हळूहळू उतरलं आणि सहाव्या महिन्यात रेटिक वर आलं. बहुतेकांचं असंच आपोआप सुटतं. नाही सुटलं तर अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींवर चालणारी रिटुक्सिमॅब आणि अलीकडे डाराटुमुमॅब ही औषधं वापरतात. काही आजारांत सायक्लोस्पोरीन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लवकर कमी करतात, माझ्यात ते शक्य नव्हतं. इतक्या पिशव्या चढल्या की शरीरात लोह साचतं, तेव्हा फेरिटिन (साठलेल्या लोहाची रक्ततपासणी) करून घ्या.

उलट जोडीत, म्हणजे दाता ओ आणि पेशंट ए असेल, तर साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसात हिमोग्लोबिन एकाएकी कोसळू शकतं. दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पेशंटच्या लाल पेशींवर उठतात. तुमचं ते नाही.

एक गोष्ट मात्र लिहून खिशात ठेवा. भावाला लाल पेशी ओ गटाच्याच हव्यात, प्लेटलेट आणि प्लाझ्मा शक्यतो ए किंवा एबी, आणि लाल पेशी-प्लेटलेट इरॅडिएटेड, म्हणजे किरण देऊन घेतलेल्या. गट कधी बदलायचा ते ट्रान्सप्लांट टीम सांगेल. मी तिसऱ्या महिन्यात गावी तापाने ॲडमिट झालो, तर फाइलमधलं 'दाता ए' वाचून तिथे माझ्यासाठी ए ची पिशवी काढली होती. नशीब, क्रॉसमॅचला (रक्त चढवण्याआधीच्या जुळणी-तपासणीत) अडकली.

आता माझा गट ए पॉझिटिव्ह आहे. ड्रायव्हिंग लायसन्सवर अजून ओ आहे. ताई म्हणते, बदलून घे, नाहीतर माझी मेहनत वाया.