‘वाचलेली’ नको, ‘पीडित’ लिहा

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय, पंचायतीत लावायच्या तक्त्यावर ‘लैंगिक अत्याचाराच्या सर्व्हायव्हर्सची सामाजिक पार्श्वभूमी’ असा मथळा द्यायचाय, तर सर्व्हायव्हरला मराठीत काय लिहू, ‘वाचलेली’ चालेल का?

ताई, ‘वाचलेली’ नकोच. अपघातातून वाचला म्हणजे अपघात झाला पण माणूस जगला, पण ‘अत्याचारातून वाचली’ म्हटलं की ऐकणारी म्हणणार बरं झालं गो बाई, काही झालं नाही! अर्थ उलटाच. ‘बळी’ म्हटलं तर मेलीच वाटते, ‘उत्तरजीवी’ घरात कोण बोलतं? मी ‘पीडित’ लिहीन, तेसुद्धा शेवटचा आ न लावता, कारण मराठीत हे विशेषण बदलत नाही, पीडित मुलगी, पीडित मुलगा, सगळं चालतं, आपण संस्कृतातला आ चिकटवून मुलग्यांना बाहेर काढतो. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा १३ राज्यांतला मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास आलेला, आपला गोवा पण होता त्यात, लैंगिक छळ झाला म्हणून सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलगेच निघाले. लहानांसाठी तर ‘मूल’ झकास, ‘ते मूल’ म्हटलं की मुलगा का मुलगी कळत नाही, ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहेच.

पण मला खटकतो तो दुसराच शब्द, ‘पार्श्वभूमी’. गुन्हेगारी पार्श्वभूमी, पार्श्वभूमी तपासली, हे आपण आरोपीबद्दल बोलतो, तेच पीडितेपुढे लावलं (बघा, माझ्याकडून पण आ आलाच) की तिचंच काहीतरी असणार असा वास येतो. पेपरातलं ‘परप्रांतीय’ पण तसलंच. साखळी शहरात गाड्यावर भाजी-पाव खाताना शेजारच्याने मथळा वाचला, ‘परप्रांतीय मुलीवर अत्याचार’, आणि “भायली ती” (बाहेरची ती) म्हणून पान उलटलं, वय किती, कुठे घडलं, कोणी केलं काही वाचलं नाही. त्या एका विशेषणाने बातमी त्याच्यापुरती संपली.

म्हणून मथळा साधा करा, ‘पीडित कोण? वय, घर, काम’. आणि शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात ‘आरोपी कोण?’ असा रकाना पाहिजेच, एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या) आकड्यांत वर्षानुवर्षं बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये तो ओळखीतलाच निघतो, शेजारी, नातेवाईक, मित्र, कामावरचा मालक. तिथे मात्र ‘ओळखीतला’ हाच शब्द ठेवा, ‘परिचित’ नको, परिचित वाचून कोणी दचकत नाही.