व्हीलरच्या वाटेला लागण्याआधी

अनेक आशीर्वाद.

व्हीलर पीकवर जायचं ठरवलंस हे वाचून मनापासून आनंद झाला. "किती तास लागतील?" एवढंच तू विचारलं आहेस. जाऊन-येऊन ८.६ मैल, म्हणजे जवळपास १४ किलोमीटर, आणि २,९०० फुटांची चढाई. तुझ्या पायांना सहा ते आठ तास पुरतील. पण मला काळजी तासांची नाही. वाळवंटातला डोंगर माणसाकडून जे काढून घेतो, ते घेताना कळू देत नाही. मला सांगायचंय ते याबद्दल.

आधी तो मुलूख समजून घे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या पूर्व टोकाला, यूटा राज्याच्या हद्दीजवळ स्नेक रेंज नावाची डोंगररांग आहे आणि तिच्यातलं हे १३,०६३ फुटांचं शिखर. पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांमधलं पाणी तिकडची सिएरा नेवाडा ही डोंगररांग आधीच उतरवून घेते, त्यामुळे पुढे येतो तो कोरडा वारा. जे काही थोडं पाणी पडतं तेही समुद्राला मिळत नाही. ओढे खाली वाहत येतात आणि खाऱ्या सपाटीवर जिरून नाहीतर सुकून जातात. या मुलखाला ग्रेट बेसिन, म्हणजे मोठं खोलगट पात्र, हे नाव त्यावरूनच पडलं. हवा इतकी स्वच्छ की समोरची डोंगररांग हाकेच्या अंतरावर वाटते, आणि प्रत्यक्षात मध्ये अख्खं खोरं पसरलेलं असतं. तिथे अंतराच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नकोस.

उंचीचंही तसंच. पायथ्याचं बेकर गाव साधारण ५,३०० फुटांवर आहे. तिथून गाडीनं निघालीस की तासाभरात तू दहा हजार फुटांच्या वर, वाटेच्या तोंडाशी उभी असतेस. पायांना काहीच श्रम झालेले नसतात, म्हणून शरीरालाही काही झालेलं नाही असं वाटतं. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली आरामात झोपलो, नऊ वाजता वर पोहोचलो आणि तरुणपणाच्या जोरावर झपाझप चढत सुटलो. धारेवर पोहोचेपर्यंत कपाळ ठणकायला लागलं, बिस्कीट तोंडात फिरायला लागलं. तरी मी अर्धा तास तसाच रेटत राहिलो. बरोबरच्या मित्राने बुटाची नाडी बांध म्हणून सांगितलं आणि मला गाठ मारता येईना, तेव्हा त्याने दंडाला धरून मला खाली वळवलं. शिखर जेमतेम तीनशे मीटर वर होतं. त्याचं ते दंड धरणं मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा आदली रात्र वरच्या कॅम्पग्राउंडवर काढ. ते दहा हजार फुटांच्या जरासंच खाली आहे. झोप नीट लागणार नाही, लागली नाही तरी चालेल. हिवाळ्यात त्या रस्त्याचा वरचा भाग बर्फामुळे बंद असतो, म्हणून भर उन्हाळा ते सप्टेंबर एवढाच काळ धर आणि निघण्याआधी रस्ता उघडा आहे ना याची खात्री करून घे.

आता पाणी. दमट हवेत डोंगर चढताना शर्ट पाठीला चिकटतो, घाम डोळ्यांत उतरतो, आणि मग आपण आपसूक थांबून पाणी पितो. तिथे तसं काहीच होत नाही. घाम कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो, शर्ट कोरडा राहतो आणि आपण ताजेतवाने आहोत असं वाटत राहतं. तुझी टोपी मात्र खरं सांगेल. दोन तासांनी ती काढून बघ, आतल्या पट्टीला पांढरी रेघ उमटलेली असेल. ते तुझ्या अंगातलं मीठ. धारेवर पाणी कुठेही नाही, म्हणून तीन-चार लिटर सुरुवातीपासूनच पाठीवर हवं. तहानेची वाट बघू नकोस, घड्याळ बघून पी. बरोबर खारं काहीतरी ठेव.

उजाडायच्या आतच चालायला लाग. सुरुवातीला अस्पेनची झाडी लागेल, पांढऱ्या सालीची. जराशा झुळुकेनेही त्यांची पानं थरथरत असतात. पुढे एक फाटा स्टेला तळ्याकडे जातो आणि आपली वाट डावी-उजवी वळणं घेत धारेवर चढते. इथून झाडं बुटकी होत जातात. लिंबर पाइनवर राखाडी अंगाचा, काळ्या पंखांचा एक कर्कश पक्षी दिसेल, क्लार्क्स नटक्रॅकर. तो बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो, दूर नेऊन जमिनीत पुरतो आणि पुढे महिन्यांनी बर्फ उकरून नेमक्या काढतो. काही विसरतो, आणि त्या रुजतात. त्या उघड्या उतारावरची कितीतरी झाडं त्यानेच लावलेली आहेत. त्याच्यासाठी दहा मिनिटं बसलीस तर ती वाया जाणार नाहीत.

अकरा हजार फुटांच्या आसपास झाडं संपतात. पुढे नुसता क्वार्टझाइट, पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्रकाठच्या वाळूचा झालेला दगड. त्याच्या चिपा पायाखाली खापरांसारख्या वाजतात आणि हलतात. शेवटचा मैल हा असाच घसारा आहे. पाऊल टेकवून आधी थोडा भार दे, दगड डगमगला नाही तरच पूर्ण वजन टाक. घाई उतरताना जास्त नडते. वाराही इथे जबर असतो, म्हणून खाली कितीही ऊन असलं तरी विंडचीटर, कानटोपी आणि हातमोजे सॅकमध्ये हवेतच.

वीज हा एक विषय मात्र मला हट्टानं सांगायचाय. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असते. दहाच्या सुमारास कापसाचे पुंजके दिसायला लागतात, त्यांचे तळ सपाट आणि करडे होत जातात, आणि दुपारी त्यांतून वीज पडते. धारेवर आडोसा नाही, तिथली सगळ्यात उंच वस्तू तूच असशील. बारा वाजले की जिथे असशील तिथून मागे फिर, शिखर शंभर पावलांवर असलं तरी. ढगांनी त्याआधीच तळ दाखवला तर त्याआधीच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोज, तीन सेकंदांना एक किलोमीटर. पण मोजायची वेळ आली म्हणजे निघायला उशीर झालेला आहे.

शिखराचं वर्णन करत नाही, ते तुझं तू बघ. फक्त ईशान्येच्या कड्याखाली वाकून नजर टाक, काठापासून लांब राहून. दगडांखाली झाकलेली हिमनदी तिथे आहे, नेवाडात उरलेली एकमेव.

दुसऱ्या दिवशी मात्र लगेच परत निघू नकोस. त्याच कड्याच्या बाजूला ब्रिसलकोन पाइनची राई आहे, आणि माझ्यासाठी या डोंगराचं खरं दैवत तेच. सुया पाच-पाचच्या जुडग्यात, फांदीभर दाट, बाटली घासायच्या ब्रशासारख्या. एकेक सुई तीस-तीस वर्षं टिकते, कारण दरवर्षी नवी काढण्याइतकी चैन त्या झाडाला परवडत नाही. खोड पिळवटलेलं, बहुतेक भाग मेलेला, आणि एका बाजूने हातभर रुंद सालीची पट्टी वर एका हिरव्या फांदीपर्यंत गेलेली. तेवढ्या पट्टीवर झाड जगतं. लाकूड इतकं घट्ट आणि राळेनं भरलेलं की ते कुजत नाही, वाऱ्याने दगडासारखं झिजतं. बऱ्या मातीत वाढलेली ब्रिसलकोन भराभर वाढतात आणि लवकर मरतात, हजारो वर्षं काढतात ती या खडकांवरची.

१९६४ मध्ये याच राईतलं एक झाड संशोधनासाठी रीतसर परवानगी घेऊन तोडलं गेलं. वलयं मोजली तेव्हा ती ४,८०० हून जास्त भरली. इतकं जुनं झाड तोवर कुणी मोजलेलं नव्हतं. त्याचा बुंधा अजून तिथे आहे. ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान झालं ते १९८६ मध्ये. तिथे जमिनीवर पडलेली काटकीसुद्धा उचलू नकोस. त्या मेलेल्या लाकडांच्या वलयांमध्ये हजारो वर्षांच्या पाऊसपाण्याची नोंद आहे.

खाली उतरलीस की फोन कर, मी वाट बघेन. आणि टोपी धुण्याआधी ती रेघ केवढी झाली आहे ते बघून मला सांग.

तुझा,
काका